फोनवर सांगितलेली टेकडी

हसनाबाद
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय अर्पिता,

तुझ्या आजीचं हे तुला पहिलंच पत्र, तेव्हा आधी कागद बघून हसून घे. घरात कोरा कागद म्हणून न्हाई. खतवाल्या दुकानदारानं दिलेली भिंतीवरची मोठी दिनदर्शिका आहे, तिचे गेलेले महिने फाडले आणि त्यांच्या पाठीवर लिहायला बसले. पान उलटून बघशील तर पुढच्या बाजूला बर्फाचे डोंगर आहेत, निळं तळं आहे. बारा महिने बारा डोंगर, सगळे परमुलखातले. मी चौथी शिकलेली बाई. गुरुजी म्हणायचे, नंदाचं अक्षर म्हणजे चिखलातलं बैलाचं पाऊल. ते अजून तसंच आहे, पण वाचता येतं.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर माझी जीभ पुढं पळते अन् मी मागून चालते. तू दिवाळीनंतर तुझ्या चित्रकलेच्या सरांना आणि अठरा पोरापोरींना घेऊन आपल्या तांबड्या टेकडीचं चित्र काढायला येणार आहेस. त्याच्या आत तुला त्या टेकडीचं एक सांगायचं आहे, आणि ते माझ्याकडूनच कळलं पाहिजे. चार वेळा तोंडाशी आलं आणि चारी वेळा मी तुला जवसाची चटणी संपली का ते विचारलं. कागदावर मला असं पळता येत न्हाई. एक ओळ लिहायला इतका वेळ लागतो, की खोटं लिहायचं म्हटलं तर ते मधेच थकून बसतं.

आधी आनंदाचं लिहिते, कारण तो पण खराच आहे. नागपूरला प्रदर्शनात तुझं चित्र बघितलं, तेव्हापासून मी हवेत आहे. गावात एक घर सोडलं न्हाई सांगायचं. एवढा मोठा दिवाणखाना, भिंती नुसत्या पांढऱ्या, आणि मधल्या भिंतीवर आपली टेकडी. बाजूला बक्षिसाची चिठ्ठी. मी चप्पल काढून उभी राहिले, तर तिथला शिपाई म्हणाला, मावशी, चप्पल घाला, हे देऊळ न्हाई. मी म्हणाले, असू दे बाबा, नातीचं आहे. दैवशालाला तू ओळखतेस, आपली शेजारीण, ती माझ्यासोबत आल्ती. तिचं बोट लगेच चित्रावर. शिपायानं ते पण अडवलं. मंग ती हात मागं बांधून सगळी चित्रं तपासत फिरली, जशी काय शाळा तपासायला आली.

टेकडी तू हुबेहूब काढलीस. उपडं टोपलं ठेवावं तसा तिचा घाट, पायथ्याला तरवडाची पिवळी फुलं, मधे सीताफळी, वर नुसतं कुसळाचं गवत, वाऱ्यानं एका अंगाला पडलेलं. आणि संध्याकाळचा तो रंग. मी तुला फोनवर म्हणाले होते, चुलीत भाजलेल्या वांग्याची साल ओलसर असताना दिसते ना, तसा रंग असतो दिवस बुडताना. तू बराबर तोच लावलास. पायथ्याशी एक बारीक बाई, लाल लुगडं, डोक्यावर पाटी, तिळाएवढी. मी दैवशालाला म्हणाले, ही मी आहे. ती म्हणाली, तू एवढी बारीक कधी होतीस.

खाली पाटीवर लिहिलेलं मी स्वतः वाचलं, बोट लावून न्हाई, नुसत्या नजरेनं. ‘आजीनं फोनवर सांगितलेली टेकडी.’ मंग तुझे सर बोलायला उभे राहिले. मला वाटलं, माझ्यासारखीला त्यातलं काय कळणार. पण त्यांनी असं सांगितलं की सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, एखादा देश डोंगराकडं कसा बघतो, ते त्याच्या चित्रात उतरतं. चीनकडची माणसं डोंगर एवढा काढतात, की माणूस शोधावा लागतो. गोरे लोक नवीन मुलुखात गेले तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांनी तिथली रानं रिकामी काढली, जशी काय तिथं आधी कुणी राहतच नव्हतं. रिकामं दिसलं की घ्यायला बरं. आपल्या जुन्या राजेलोकांच्या चित्रात झाडाचं पान न पान काढलेलं असायचं, पण डोंगर पुष्कळदा मागं लोडासारखा, राजाला टेकायला. आणि आताचं काय, म्हणाले, तर कुठल्याही शाळेत पोरांना देखावा काढायला सांगा. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, नदीत नाव, काठाला नारळ. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तेच. खिडकीबाहेर जो डोंगर उभा आहे, त्याला कुणी देखाव्यात धरत न्हाई. या पोरीनं खिडकीबाहेरचा धरला, म्हणून हे बक्षीस.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. तुझी आई नर्सच्या ड्युटीला पुण्याला आणि तू माझ्याकडं, तेव्हा दुसरीत असताना तू तोच देखावा काढून आणला होतास. मी विचारलं, ही नाव कुणाची गं, आपल्या नदीत म्हैस बसली तर पाठ कोरडी राहते. तू रबरानं नाव खोडलीस, नारळ खोडला, दोन्ही डोंगर खोडले आणि दारातून दिसत होती ती टेकडी काढलीस. कागद रबरानं भोकाला आल्ता. दुसऱ्या दिवशी शाळेतून रडत आलीस, देखावा चुकला म्हणून. तेव्हा मी तुला काय म्हणाले ते तुला आठवतं, तू नागपूरला सगळ्यांना सांगितलंस. आजी म्हणाली, तुझा बराबर आहे, टेकडी आपली आहे, ती कशी दिसते ते आपल्याला विचारायचं. हे तू सांगत असताना तुझे सर माझ्याकडं बघून हात जोडत होते, आणि माझा पदर डोक्यावर ठरेना.

मंग त्यांनी मला विचारलं, आजी, टेकडी अशीच आहे का हो? अर्पे, तिथं मी गप्प बसू शकत होते. नुसतं हसले असते तरी भागलं असतं. मी म्हणाले, बिलकुल अशीच. उलट हिनं दोन बोरी कमी काढल्या. सगळी माणसं हसली. सर म्हणाले, मंग आम्ही सगळेच येतो त्या दोन बोरी बघायला. आणि तू माझ्या गळ्यात पडलीस.

परत येताना एसटीत दैवशाला भोकरदनपर्यंत काही बोलली न्हाई. ती गप्प बसली की समजायचं, आत काहीतरी शिजून राह्यलं. भोकरदनहून जीपमधे बसलो, गावाकडचा नवा रस्ता लागला, तशी म्हणाली, नंदे, पाय जरा उचलून बस. मी म्हणाले, का गं? तर म्हणाली, खाली तुझी टेकडी आहे. जीपमधली सगळी माणसं हसली, डायवरसुद्धा. मी पण हसले. घरी येऊन मात्र हातपाय न धुता तशीच ओट्यावर बसून राह्यले.

तर आता तुला कळलंच असेल. टेकडी न्हाई, माय. तीन वर्षं झाली. तिचा मुरूम काढून रस्त्यात घातला. जिथं ती होती तिथं खड्डा आहे, दोन पुरुष खोल, पावसाळ्यात त्यात गढूळ पाणी साचतं आणि उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात. तरवड कडेला थोडा उगवला आहे, बाकी काही न्हाई.

तुझ्या रामप्रसादमामाला यात बोल लावू नको. त्यानं विचारलं, मी हो म्हणाले. जमीन माझ्या नावावर, सही माझी. कुणी दम दिला न्हाई, घरात काही अडलं नव्हतं. झालं असं, की नवा रस्ता घरापेक्षा उंच होणार होता, म्हणजे पावसाचं सगळं पाणी आपल्या ओसरीत. जोतं उंच करून घर नव्यानं बांधायचं तर मुरूम पाहिजे. रस्तेवाले म्हणाले, टेकडी आम्हाला द्या, तुमचं जोतं आम्ही भरून देतो. रामप्रसाद म्हणाला, आई, नुसता मुरमाड माळ तर आहे, तिथं ज्वारी येत न्हाई का कापूस येत न्हाई. मला ते पटलं. अंगठा लावला असता तर आज म्हणता आलं असतं, की मला वाचता येत न्हाई. मी सही केली, पूर्ण नाव, वेलांटीसकट, आणि सही बघून तो माणूस म्हणाला, आजी शिकलेल्या दिसतात. मला बरं वाटलं, ते पण लिहून टाकते.

अजून एक आहे, आणि हे दैवशालालासुद्धा माहीत न्हाई. पंचमीचा दिवस होता. तुला आठवतं ना, नागपंचमीला मी तुला साधी काकडी चिरू द्यायची न्हाई. विळी झाकून ठेवायची, तवा उपडा घालायची, भुई उकरायची न्हाई. तू अंगणात काडीनं रेघा ओढल्यास तर ओरडले होते, नागोबाच्या अंगाला लागेल म्हणून. त्या दिवशी सकाळी मी लाह्या-दूध घेऊन टेकडीच्या पायथ्याच्या वारुळाला गेले. वर जेसीबी उभा होता. चालवणारा सलीम म्हणून जाफराबादचा पोरगा, चांगल्या घरचा, मला आजी म्हणायचा. मला बघून खाली उतरला. म्हणाला, आजी, आज तुमच्यात जमीन उकरत न्हाईत ना, आमच्या शेजारी पण पाळतात. आज मशीन बंद ठेवतो, मालकाला मी सांगतो काहीतरी.

श्रावणात पावसानं ताण दिला होता. मला वाटलं, आज कोरडं आहे, उद्या पाऊस लागला तर जोतं अर्धवट राहील, पोळा तोंडावर आला. मी त्याला म्हणाले, थांबू नको बाबा, माझी पूजा होईपर्यंत तेवढा थांब, मंग जल्दी काम उरकून घे. त्यानं पायथ्याकडं बोट केलं. म्हणाला, और ये वारूळ? मी म्हणाले, पूजा झाली आता. मी त्याला पानात बांधून पुरणाची दिंडं दिली, घरचं तूप घालून. त्यानं घेतली. पण मी बांधापर्यंत आले तरी त्यानं मशीन सुरू केलं न्हाई, तेव्हा मीच वळून हात केला, कर म्हणून.

घरी आले आणि दिवसभर विळीला हात लावला न्हाई. भाजी चिरायची न्हाई म्हणून अख्खी वांगी उकडली.

तू त्याच्या वर्षभर आधी येऊन गेल्तीस, कॉलेजला जायच्या आधी. नंतर दर सुट्टीत तू येते म्हणालीस आणि दर सुट्टीत मी तुला अडवलं. एकदा पाणी न्हाई म्हणाले, एकदा गावात कांजण्यांची साथ आणली, एकदा मीच पुण्याला येऊन बसले. तुझ्या आईला माहीत आहे, तिला मी शपथ घातली, तिला पण काही म्हणू नको. ती म्हणायची, आई, सांगून टाक, पोरगी काय खाणार आहे का तुला. मी म्हणायचे, पुढच्या खेपेला.

मंग तू टेकडीचा फोटो मागितलास. मी म्हणाले, रामप्रसादच्या मोबाईलचा कॅमेरा बिघडला. तर तू म्हणालीस, नको फोटो, तू सांग आजी, मी ऐकून काढते. तिथून दोन वर्षं ते चाललं. तू विचारायचीस, सकाळी सावली कुठपर्यंत येते? मी सांगायचे, विहिरीच्या काठापर्यंत, बादली भरून घेईस्तोवर विहिरीवर थांबते. दुपारी कशी दिसते? बाजरीची भाकरी तव्यावरून काढल्यावर दिसते तशी. तितर कुठं बसतो, मेंढरं कुठून चढतात, सीताफळ पिकायला येऊन कधी डोळा उघडतं. तुला खोटं सांगते याची लाज वाटायची, पण तो फोन येईल म्हणून मी दिवसभर वाट पण बघायची. टेकडी होती तेव्हा मी तिच्याकडं कधी एवढं बघितलं न्हाई. सरपण आणायचं, शेळ्या सोडायच्या, उतरायचं. ती न्हाईशी झाल्यावर तू विचारलंस, तेव्हा मी बसून बसून ती बघितली. आणि अर्पे, एवढं तरी मनात धर, की जे सांगितलं ते सगळं तसंच होतं. फक्त ‘आहे’ म्हणाले तिथं ‘होतं’ म्हणायला पाहिजे होतं. माझं मी असं समजावलं, की हे काही मोठं खोटं न्हाई.

आता घराचं सांगते, म्हणजे आल्यावर तू दचकणार न्हाईस. जोतं चांगलं चार फूट उंच झालं, वर फरशी आली. चालताना कधी कधी वाटतं, आपण टेकडीच्या माथ्यावरच चालून राह्यलो, फक्त खाली दिसत न्हाई काही. आणि टीव्हीच्या मागं रामप्रसादनं भिंतभर एक चित्र चिकटवून घेतलं. छापील आहे, जालन्याहून माणूस आणला होता लावायला. हिरवेगार डोंगर, मधून पांढरा धबधबा, खाली हरीण पाणी पितं. पाहुणे आले की तिथं उभं राहून फोटो काढतात. वास्तुशांतीला आलेली एक बाई मला म्हणाली, तुमच्या घरात निसर्गाची किती आवड आहे. मी तिला दुसरा लाडू वाढला. तुझे सर बोलत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती भिंत होती. खिडकीबाहेरच्या डोंगराला आम्ही मुरूम म्हणालो, तो पायाखाली घातला, आणि भिंतीला कुणाचा तरी दुसराच डोंगर आणून लावला. सर देशाचं सांगत होते. मला वाटलं, हा माणूस आपल्या घरात कधी येऊन गेला.

हे पत्र मी तू येणार म्हणून लिहिते, असं तुला वाटेल. येण्याचं तर मी टाळलं असतं, तुझी आजी त्यात हुशार झाली आहे. अजून एक साथ आणली असती. पण गेल्या सोमवारी तुझा फोन आला. तू विचारलंस, आजी, पाऊस लागून राहिला की टेकडी कशी दिसते गं? मी सांगायला लागले, आणि मला काही आठवेना. मी नेहमीसारखी बोलतच होते. बोलता बोलता म्हणाले, वरून पाणी पडतं, पांढरं, दुधासारखं, लांबून आवाज येतो. तू मधेच अडवलंस. म्हणालीस, आपल्या टेकडीवरून धबधबा? हे तर तू कधी सांगितलं न्हाईस. मी म्हणाले, औंदा पडला. फोन ठेवला तेव्हा माझी नजर टीव्हीच्या मागच्या भिंतीवर होती. मी तुला ते छापील चित्र वाचून दाखवत होते. त्या सोमवारपर्यंत टेकडी निदान माझ्यात तरी होती. आता तिथून पण मी तिचा मुरूम काढायला लागले, म्हणून बसले लिहायला. तू तो धबधबा कुठं काढला असशील तर पुसून टाक, तो आपला न्हाई. दिवाळीनंतर ये, सरांना आण, पोरांना आण, जोतं उंच आहे, अठरा जणं ओसरीत झोपतील. सरांना मी स्वतः सांगेन, दोन बोरींचं पण सांगेन. आणि खड्डा काढशील, तर त्याच्या काठाला मला उभी कर. लाल लुगडंच असू दे. फक्त त्या चित्रातल्यासारखी तिळाएवढी काढू नको. टेकडीपुढं मी बारीक दिसायचे ते बराबर होतं. आता टेकडी न्हाई, तर मी बारीक दिसायचं काही कारण न्हाई. चांगली मोठी काढ, तोंड नीट दिसलं पाहिजे.

मशीनला हात केलेली,
तुझीच
आजी